आरशासाठी नाही, कामासाठी व्यायाम: तुमचं ध्येय काय आहे?

अंबाझरीकाठ

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी पावणेसहाला बाथरूममधून धप्पकन आवाज आला. आई (वय 74) ओल्या फरशीवर घसरून पडली होती. हाड मोडलं नव्हतं, डोक्यालाही लागलं नव्हतं, पण हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी ती खाली होती आणि मला तिला उठवता येत नव्हतं. काखेत हात घालून ओढलं तर ती कळवळली. मागून कमरेला धरलं तर माझेच पाय सरकायला लागले. आईचं वजन 58 किलो. माझं वय 46, आणि मी तेव्हा दीड वर्षापासून जिमला जात होते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंना आणि त्यांच्या मुलाला हाक मारावी लागली. आई अंगावर टॉवेल ओढून, मान खाली घालून बसलेली. पोरगा समजदार, त्याने नजर वळवून हात दिला. तरी त्या दिवशी दुपारपर्यंत आई कोणाशी बोलली नाही. तेव्हापासून तिचं संध्याकाळचं भजनाला जाणं बंद आहे.

त्या रात्री मी जिमची माझी वही काढून बसले. पहिल्या दिवशी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "मॅडम, किती किलो कमी करायचे? घरी लग्न आहे का?" लग्न होतंच, भाच्याचं. मग दर सोमवारी वजन, कंबर, दंड, नितंब. दीड वर्षाच्या नोंदी आहेत. मी किती उचलू शकते, किती वेळा उठबस करू शकते, किती जिने न थांबता चढते, याची एकही नोंद नाही. 71 वरून 63 वर आले, फोटो छान आले, सगळ्यांनी कौतुक केलं. लग्न झालं आणि ध्येयही संपलं. चार किलो परत आले. ज्या आठवड्यात काटा हलायचा नाही त्या आठवड्यात माझा जिमला जायचा जीवच व्हायचा नाही. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, की काटा किलो-दीड किलोने वर. म्हणजे आठवडाभर घाम गाळायचा आणि निकाल लागायचा अंगातल्या पाण्यावर.

आता वहीचं नवं पान उघडलं आहे. त्यावर वजनाचा रकाना नाही. लिहिलं आहे ते असं: आईला जमिनीवरून एकटीने, तिला न दुखवता उठवता आलं पाहिजे. वर्षाचा गहू येतो तेव्हा 30 किलोचा कट्टा दुसऱ्या मजल्यावर मी स्वतः चढवायचा, हमालाला हाक मारायची नाही. उन्हाळ्यात कूलरमध्ये दोन भरल्या बादल्या एका खेपेत न्यायच्या. आणि मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठायचं.

हे मनात आल्यापासून मला व्यायामाबद्दल पहिल्यांदा खरंच काहीतरी वाटतं आहे. तुमच्यापैकी कोणी असं काही ठरवून केलं आहे का? कसं मोजता? जिथे अडलात तेही सांगा.

फिजिओताई

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून हायसं वाटलं. नागपुरात धंतोलीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, त्यामुळे "पडल्या आणि उठवता आलं नाही" हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. आधी थोडं उठवण्याबद्दल लिहिते, व्यायामाचं मागून.

माणूस पडला की लगेच उठवायचं नाही. शांत बसू द्या, बोलू द्या. खुब्यात जोरात दुखत असेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळला असेल, डोक्याला मार असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर हलवू नका, 108 ला फोन करा. यातलं काहीच नसेल तरी काखेत हात घालून ओढायचं नाही. त्यात त्यांचा खांदा जातो आणि तुमची कंबर.

त्यांना कुशीवर वळवा, मग हात आणि गुडघ्यांवर आणा, रांगायच्या स्थितीत. समोर एक पक्की खुर्ची ठेवा. त्यांनी दोन्ही हात खुर्चीवर टेकवायचे, जो पाय दणकट तो पुढे उभा ठेवायचा आणि रेटून उठायचं. अर्धवट उठल्या की दुसरी खुर्ची मागून सरकवा, त्यात बसवा. तुमचं काम आधार द्यायचं, उचलायचं नाही. पडलेल्या माणसाच्या अंगात बरीच ताकद शिल्लक असते, फक्त ती कोणत्या क्रमाने वापरायची हे घाबरल्यावर सुचत नाही. म्हणून हे न पडता, गादीवर, दिवसाउजेडी आईंकडून चार-पाच वेळा करून घ्या.

आणि म्हणून तुमच्या पहिल्या ध्येयात एक दुरुस्ती सुचवते. ते फक्त तुमचं ध्येय नको, त्यांचंही असू द्या.

मोजायचं तर सगळ्यात सोपं: साधारण 43 सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर आडवे, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. 70 ते 74 वयाच्या बाईंना 10 पेक्षा कमी झाले तर पडण्याचा धोका जास्त धरतात, त्याच वयाच्या पुरुषांसाठी हा आकडा 12. दुसरं, एका पायावर 10 सेकंद, कोणीतरी जवळ उभं असताना. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1702 लोकांवर हे तपासलं होतं, 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना 10 सेकंद जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचं प्रमाण बरंच जास्त होतं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पण तोल हा शरीराच्या आतल्या अवस्थेचा आरसाच आहे.

खाकीचं_स्वप्न

ताई, मी पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. सकाळी साडेचारला उठते, पाचला ग्राउंडवर. आमच्याइथं वजन कमी करायला कोणीच येत नाही. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा. एकूण 50 मार्क. घड्याळ आणि टेप, बस. तुम्ही गोऱ्या का काळ्या, बारीक का जाड, घड्याळाले काही समजत नाही.

पण खरं सांगायचं तर पूर्ण असंही नाही. उंची मोजतेतच, मुलींना 155 सेंटिमीटर लागते. मुलांची छाती मोजतेत, 79 आणि फुगवून 5 जास्त. माझी एक मैत्रीण चांगली पळायची, उंचीत गेली. तिथं मेहनत कामाची नाही.

माझं सांगते. पहिल्या दिवशी 800 मीटर मी पूर्णच केलं नाही, दुसऱ्या फेरीत चालायला लागली. घरी येऊन आरशात पाह्यलं तर चेहरा लाल, डोळे सुजलेले, मले वाटलं आपल्यानं होत नाही. सरांनी सांगितलं, 800 विसर. आधी 200 पळ, 200 चाल, असं चार वेळा. दोन आठवड्यांनी 300 पळ, 100 चाल. तीन महिन्यांनी पूर्ण 800 न थांबता झालं. त्या दिवशी पण चेहरा तसाच लाल होता.

इतवारीकर

धागा चांगला आहे, पण एक विरोधी सूर लावतो. वय 52, मधुमेह चार वर्षांपासून. मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, वजन कमी करा. आता तुम्ही सगळे म्हणता काट्याकडे बघू नका. माझ्यासारखा माणूस हे वाचून खूश होतो आणि आणखी एक प्लेट तर्री पोहे घेतो. ब्रिटनमध्ये एक मोठा प्रयोग झाला, 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षंही झाली नव्हती, त्यांच्यातल्या वजन उतरवणाऱ्या गटात वर्षभराने 46 टक्के लोकांची साखर औषधांशिवाय आटोक्यात आली. 15 किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत तर 86 टक्के. हे पळून किंवा कट्टे उचलून झालं नाही, वजन उतरवून झालं. वजनाला असं वाळीत टाकू नका.

अंबाझरीकाठ

@इतवारीकर, दादा, तुमचं बरोबर आहे आणि माझं लिहिणं अपुरं होतं. तुमच्यासाठी वजन हे औषधाच्या मात्रेसारखं आहे, रक्तातल्या साखरेशी बांधलेलं. ते मोजायलाच हवं. मला जो काटा नकोसा झाला तो "शालू शोभून दिसेल का" या प्रश्नाला बांधलेला होता. आकडा तोच, पण तो कोणाच्या नजरेसाठी मोजतो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मला वाटतं.

तरी एक प्रश्न. वजन उतरलं की त्याबरोबर स्नायूही उतरतात ना? माझे आठ किलो गेले त्यात ताकद किती गेली कोण जाणे. आईला उठवता आलं नाही त्यामागे हेही असेल का?

फिजिओताई

असू शकतं. कमी खाऊन उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर थोडे स्नायू जातातच. सोबत जोर लावायचा व्यायाम आणि पुरेशी डाळ-दही-अंडी असतील तर कमी जातात. म्हणून इतवारीकर दादांना माझं सांगणं असेल: काटा ठेवा, शेजारी दुसरा रकाना पण ठेवा.

आपल्या लोकांत तर नुसतं वजन फसवं ठरतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बघणाऱ्याला दोघंही सडपातळच दिसतात. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून तसाच असेल असं नाही, हे त्या एका चित्राने दाखवून दिलं. आमच्याकडे असे कितीतरी येतात, दिसायला शिडशिडीत, आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी दांडे धरतात.

सातपुडा

राम राम. मी 71 वर्षांचा, नागपूरच्या महाल भागात राहतो. माझं ध्येय गेली तीस वर्षं एकच आहे, नागद्वार. जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी: नागपंचमीच्या आधी पचमढीच्या डोंगरात यात्रा भरते. तो भाग व्याघ्र प्रकल्पात येतो, म्हणून वाट वर्षात थोडेच दिवस उघडी असते. आमच्या विदर्भातून माणसं "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हणत जातात. पाऊस चालूच असतो. चिखल, ओले दगड, काही ठिकाणी लोखंडी शिड्या. तिथं माणूस दिसतो कसा हे कोणी पाहत नाही, मागच्याला वाट देतो का आणि पुढच्याला हात देतो का हे पाहतात.

पासष्टीनंतर एक गोष्ट शिकलो ती सांगतो. चढ दमवतो, पण माणूस खचतो उतारावर. चढताना छाती भरते, थांबलं की बरं वाटतं. उतरताना दम लागत नाही, म्हणून माणूस भराभर उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरतात की संडासला बसता येत नाही. एका साली मी पचमढीत दोन दिवस खोलीतच पडून होतो. तेव्हापासून तयारी उलटी करतो. आमच्या इमारतीचे चार मजले सावकाश उतरतो, एका पायरीला एक श्वास. चढायला लिफ्ट घेतली तरी चालते, उतरायला नाही. यात्रेच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा रामटेक. अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या आहेत त्यांनी गडावर जायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली यायचं. रामाचं दर्शन होतं आणि गुडघ्याची परीक्षाही.

फिजिओताई

काका, तुम्ही अनुभवाने शोधलंत ते अगदी बरोबर आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. पण एकदा बेताने तसं काम करून घेतलं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्याच उताराला पुरून उरतो. म्हणून रामटेकची सवय पचमढीत कामाला येते. गुडघ्यात सूज असेल तर मात्र आधी दाखवा.

शांत_दुपार

खूप वेळ लिहू की नको करत होते. मला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो. वय 39. सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळत नाहीत.

सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण छातीत थोडं धस्सही झालं. "दिसण्यापेक्षा जमण्याकडे बघा" हे ऐकायला फार मोकळं वाटतं, पण ज्याचं जमणंच कमी होत जातं त्याने काय करायचं? मी लग्नात छान दिसले नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण गेल्या वर्षी लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडेना आणि आठ वर्षांच्या मुलीने ते उघडलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. वजनाचा काटा निदान माझ्या हातांना नावं ठेवत नव्हता. ताकदीची वही मला रोज सांगते की काल जमलं ते आज जमत नाही.

तक्रार म्हणून नाही लिहिलं. पण ध्येय ठरवणाऱ्यांनी आमचाही विचार करावा असं वाटलं.

अंबाझरीकाठ

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आईचंही तेच आहे. ती पूर्वी पाण्याची घागर कमरेवर घेऊन जिना चढायची, आणि आता तिला कोणी "हे तुला जमतं का बघू" म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. परवा खुर्चीतून उठबस मोजायला बसवलं तर सात झाले, आठव्याला तिने हात टेकले आणि म्हणाली, "झालं समाधान?" मला घड्याळ हातात धरल्याचीच लाज वाटली.

मग मी मोजणं बंद केलं. आता चहा होईपर्यंत आम्ही दोघी उठबस करतो, तिची खुर्ची आणि माझी खुर्ची समोरासमोर. चहा उकळला की थांबायचं. किती झाले ते मी मनात मोजते, तिला सांगत नाही.

फिजिओताई

@शांत_दुपार, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझ्याकडे आमवाताचे पेशंट असतात त्यांना मी एक आकडा कधीच देत नाही. सकाळी मूठ वळवून बघायची. पूर्ण वळली तर त्या दिवसाचं काम वेगळं, अर्धी वळली तर वेगळं, वळलीच नाही तर कोमट पाण्यात हात आणि बोटांची हलकी हालचाल, एवढंच, आणि तेवढं केलं की त्या दिवसाची खूण करायची. तुलना कालच्या हाताशी नको. सांधा लाल आणि गरम असताना त्याच्याकडून ताकदीचं काम करून घ्यायचं नाही, आणि आजार आटोक्यात ठेवणारी औषधं हा तुमच्या व्यायामाचा पायाच आहे, ती सुटायला नकोत. झाकणासाठी रबरी पकड मिळते, ती वापरणं म्हणजे हार नाही. बरणी उघडणं हे काम, ते झालं.

दोन_मुलांची_आई

विषय थोडा बाजूला जातोय, पण विचारते. मुलगा 17 वर्षांचा. दिवसातून दहा वेळा शर्ट वर करून आरशात बघतो, पोटाचे पॅक दिसतात का म्हणून. जेवणातून पोळी बंद, पावडरचे डबे आणतो. बोललं की चिडतो. त्याच्या अंगात कमजोरी दिसते मला. काय करू?

खाकीचं_स्वप्न

काकू, त्याले एक दिवस सकाळी ग्राउंडवर पाठवा. आमच्याइथले पोरं पॅक दाखवत नाहीत, 1600 चा टायमिंग विचारतेत. पोळी सोडून 1600 होत नाही हे त्याले चौथ्या चकरीत आपोआप समजते. आणि पुल-अप करायला लावा. तीन जरी झाले तरी त्याले समजेल आपण कुठं आहो.

फिजिओताई

ग्राउंडची कल्पना छान आहे. पण काकू, तो जेवण लपवत असेल, चारचौघांत जेवणं टाळत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर हा हट्टीपणा समजू नका. मुलांनाही हे होतं, फक्त मुलींइतकं कोणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांना आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आणि घरात त्याच्या किंवा स्वतःच्याही शरीरावरचे शेरे बंद करा, चांगले सुद्धा.

धरमपेठी

उन्हाचं कोणी बोललंच नाही. आता मे लागेल. नागपुरात 45 च्या पुढे पारा गेला की ध्येय काहीही असो, सगळे घरात. मी दरवर्षी एप्रिलपर्यंत सेमिनरी हिल्सवर पळतो, मग जून अखेरपर्यंत बंद, मग पुन्हा शून्यापासून. कोणी काही उपाय सांगेल का?

सातपुडा

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर पळायचं नाही, हा हट्टाचा विषय नाही. सकाळी सहाच्या आत जिना. दहा मिनिटं पुरेत. राखायला थोडंच लागतं, कमवायला जास्त लागतं.

फिजिओताई

काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. भर एवढीच: शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिलमध्ये वेळ हळूहळू कमी करा, एकदम बंद नको, आणि जूनमध्येही तसंच सावकाश परत या. उन्हाळ्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींतला दुसरा भाग धरून ठेवा. पहिला सगळ्यांना पाठ असतो, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम. दुसरा कोणी वाचत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लावायचं काम, आणि 65 च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळायचा सराव. हे दोन्ही पंख्याखाली होतं. आणि वय झालं म्हणून काय होणार, असं कोणी म्हटलं तर त्यांना बोस्टनचा 1990 चा प्रयोग सांगा. सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. ज्यांनी पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

इतवारीकर

दीड महिन्याने परत आलो. दुसरा रकाना सुरू केला. आमच्या गोदामातून दुकानापर्यंत जिना आहे, 22 पायऱ्या. आधी नोकराला पाठवायचो. आता दर जेवणानंतर मी स्वतः दोनदा जातो-येतो. वजन 3 किलो उतरलं. पण बायकोला मी आकडा सांगितला नाही, तिनेच विचारलं, "आजकाल वर आल्यावर बोलता येतं का तुम्हाला?" येतं. आधी वर पोचलं की दोन मिनिटं हातानेच थांब म्हणायचो.

अंबाझरीकाठ

माझंही सांगायचं राहून गेलं होतं. गहू आला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सहा कट्टे. पहिल्या दिवशी हमालाने पाच चढवले आणि मी एक ठेवून घेतला.

कट्टा उचलायचं मी मार्चपासून शिकत होते. आधी 5 किलोची तांदळाची पिशवी, मग 10, मग बादली. फिजिओताईंनी खासगीत सांगितलं होतं की कट्टा पायांच्या अगदी जवळ घे, कंबर वाकवू नकोस, कुल्ले मागे ढकल, छातीशी कवटाळ आणि मगच पायांनी उठ. खाली अंगणात तो कवटाळला तेव्हा तागाचा वास आणि गव्हाची धूळ नाकात गेली. पहिल्या वळणावर भिंतीला टेकवून थांबले. दुसऱ्या वळणावर बोटं सुटायला लागली. मांड्यांना काही झालं नाही, दमही नाही लागला, पकडच कमी पडली. तिथे ठेवला, हात झटकले, पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा ठेवला तो थेट आमच्या उंबऱ्यात. आई एरंडेलाची वाटी घेऊन उभीच होती, कोठी भरायला. "ठेवत ठेवत आणलास ना?" म्हणाली. हो म्हटलं. "मग आणलास."

ते न ठेवता आणणं पुढच्या वर्षी. पकडीसाठी आता कूलरच्या बादल्या आहेत. मे महिन्यात रोज चार खेपा, दोन्ही हातांत भरलेली बादली, बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत. आधी एक बादली दोन्ही हातांनी धरून, डुचमळत, अर्धं पाणी हॉलमध्ये सांडत न्यायची. आता पुसायला फडकं लागत नाही.

वजन मी तीन महिन्यांत केलं नाही. जुने सलवार बसतात.

शांत_दुपार

मी मूठ वळवून बघायचं सुरू केलं आहे. महिन्यातले 19 दिवस अर्धी, 6 दिवस पूर्ण, बाकी नाही. पण कॅलेंडरवर सगळ्या दिवसांवर खूण आहे. मुलगी रोज विचारते, "आज कोणता हात?" आणि त्याप्रमाणे ती ठरवते कणीक कोण मळणार.

सातपुडा

नागपंचमी जवळ आली. आमचा जत्था निघतो आहे, नऊ जण. त्याआधी या रविवारी शेवटची रामटेकची फेरी आहे. धाग्यावरच्या कोणाला यायचं असेल तर या. सकाळी 6 ला अंबाळ्याला, पायऱ्यांच्या सुरुवातीला. बूट घट्ट तळव्याचे घाला, पावसाने दगड निसरडे झालेत. घाई नाही, ज्याला जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत.

खाकीचं_स्वप्न

काका मी येते. संग दोघी मैत्रिणी आहेत.

दोन_मुलांची_आई

मुलगा येतो म्हणाला. त्याला पोळीभाजीचा डबा देते, खातो का बघा.

अंबाझरीकाठ

काका, आम्ही दोघी येतो. आई म्हणते ती वर येणार नाही, खाली तलावाकाठी बसेल. गादीवरून, खुर्ची धरून, माझा हात न घेता ती आता उठते, पण पायऱ्यांचं तिने काही कबूल केलेलं नाही. भजनाला गेल्या आठवड्यापासून जायला लागली आहे, कोपऱ्यापर्यंत मी सोबत असते.

आत्ता लिहिता लिहिता बघते तर तिने कपाटातून कॅनव्हासचे जुने बूट काढून, पुसून दाराशी ठेवले आहेत.